श्रीलंकेच्या ऱ्हासापासून आपण काय शिकावे?



आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सायंकाळी वंदना झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मी शाळामास्तर असल्यामुळे तो वर्ग माझ्याकडे आहे. २०२२ सालच्या जुलै महिन्यात एका रविवारी नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन ज्या देशात गेल्या, तो देश बौद्धांचा आहे ना? मग तिथले लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात का घुसले? बौद्ध देशात लोकांवर अशी पाळी का यावी?"

मागे बसलेले एक वयोवृद्ध उपासक लगेच म्हणाले, "मास्तर, हे पोरांना कशाला सांगता? आधीच लोक आपल्याला नावं ठेवायला टपलेत."

आजोबांची काळजी मला कळते. त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा पाहिला आहे. जगात बौद्धांचे देश आहेत, आपण एकटे नाही, या आधारावर त्यांच्या पिढीने गावकीचा बहिष्कार सोसला. परंतु धम्म 'ये आणि पाहा' असे सांगतो. तेव्हा पाहिलेच पाहिजे. त्या मुलीला मी पुढच्या तीन रविवारी जे उत्तर दिले, ते नंतरच्या घटनांची भर घालून येथे मांडतो.

तेथील नागरिकाचे दुःख

श्रीलंका हे समुद्राने वेढलेले लहानसे बेट आहे. तेथे दर दहा माणसांत सुमारे सात बौद्ध आहेत. या देशाची सुरुवात फार चांगली होती. तेथे १९३१ साली, इंग्रजांच्या राज्यातच, सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. आपल्याकडे त्या हक्काने पहिली निवडणूक व्हायला १९५१-५२ साल उजाडले. १९४५ पासून कन्नंगारा या शिक्षणमंत्र्यांच्या खटपटीने तेथे मोफत शिक्षण सुरू झाले. सरकारी दवाखान्यात औषधोपचार मोफत. शंभरात नव्वदांहून अधिक माणसे साक्षर. शेजारच्या देशांनी हेवा करावा अशी ही स्थिती होती.

त्याच देशात २०२२ साली काय झाले? परदेशातून काही विकत घ्यावे तर तिजोरीत डॉलर उरले नाहीत. १२ एप्रिल रोजी सरकारने जाहीर केले की परदेशी कर्जाचे हप्ते आता फेडता येत नाहीत. हे कर्ज ५,१०० कोटी डॉलरच्या घरात होते. दिवसातून तेरा तेरा तास वीज नाही. रॉकेल, पेट्रोल आणि गॅससाठी मैलभर रांगा. रांगेत उभ्या उभ्या माणसे मेली. सप्टेंबरपर्यंत महागाई वर्षभरात सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

मी स्वतः मास्तर आहे, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तेथील एखादा मास्तरच येतो. त्याने काय चुकविले होते? दर निवडणुकीला मत दिले. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून विहारात अष्टशील घेतले. भिक्खूंना दान दिले, मुले शिकविली. तरी पगार हातात पडेपर्यंत निम्मा झाला आणि मुलगी नोकरीसाठी अरबांच्या देशात निघाली. "या देशात चांगल्या माणसाला काही किंमत उरली नाही," असे तो वैतागून म्हणत असेल, तर त्याला कोण दोष देईल?

परंतु बौद्ध माणसाने दुःखापाशी थांबू नये. दुःखाला कारण असते आणि ते शोधावे लागते.

ऱ्हास कोठून सुरू झाला?

जवळची कारणे सर्वांना माहीत आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले. लगेच त्यांनी कर मोठ्या प्रमाणावर कमी केले, त्यामुळे सरकारचे उत्पन्न आटले. कोरोनाच्या साथीने पर्यटन बुडाले. २०२१ साली कोणतीही तयारी न करता रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि भाताचे पीक बसले. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, दुसरा पंतप्रधान, तिसरा अर्थमंत्री, चौथाही मंत्री! अशा घरात 'हे चुकते आहे' असे कोण कोणाला सांगणार?

हे सारे खरे. पण एवढी सत्ता एका घराच्या हाती लोकांनी दिलीच का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४८ पर्यंत मागे गेले पाहिजे.

त्या वर्षी देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून चहाच्या मळ्यांतील लाखो तमिळ मजुरांना परके ठरविण्यात आले. पुढल्या वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. ही माणसे कोण होती? इंग्रजांनी तमिळ मुलुखातून नेलेली गोरगरीब माणसे, आणि त्यांच्यातील पुष्कळ जण तेथील अस्पृश्य जातींचे. पिढ्यान् पिढ्या डोंगरावरील मळ्यांत, एका ओळीत बांधलेल्या खोल्यांत राहून त्यांनी देशाला परकीय चलन मिळवून दिले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात 'सव्वापाच लाख तुमचे, तीन लाख आमचे' अशी त्यांची वाटणी झाली. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कायद्याने पुरता सुटायला २००३ साल उजाडले.

१९५६ साल आपल्यासाठी धम्मदीक्षेचे साल आहे. त्याच साली श्रीलंकेत 'फक्त सिंहली' हा भाषेचा कायदा झाला. तमिळ बोलणारा नागरिक आपल्याच सरकारी कचेरीत मुका झाला. पंतप्रधान बंडारनायके यांनी १९५७ साली तमिळ पुढाऱ्यांशी तडजोडीचा करार केला. पण भिक्खूंनी त्यांच्या घरापुढे ठाण मांडले आणि १९५८ मध्ये त्यांनी तो करार मोडला. त्याच वर्षी दंगली पेटल्या. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये बंडारनायके यांचाच खून झाला. गोळ्या झाडणारा सोमाराम हा चीवर घातलेला भिक्खू होता, आणि कटाच्या मुळाशी एका मोठ्या विहाराचे प्रमुख होते. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे.

पुढे १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ राख झाले. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने हुडकून जाळली, माणसे मारली. मग २००९ पर्यंत यादवी चालली. तमिळ वाघांनीही क्रौर्यात काही बाकी ठेवले नाही. त्यांनी लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या, आणि १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना घरादारातून हाकलले. शेवटच्या काही महिन्यांत जे नागरिक मेले, त्यांची संख्या चाळीस हजारांपर्यंत असू शकेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने म्हटले आहे.

युद्ध जिंकले म्हणून महिंदा राजपक्षे यांची राजासारखी आरती सुरू झाली. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन वेळांची मर्यादाही काढून टाकली गेली. तमिळांनंतर मुसलमानांची पाळी आली: २०१४ मध्ये अलुथगामा, २०१८ मध्ये कँडी. २०१९ च्या ईस्टरला माथेफिरू मुसलमान तरुणांनी चर्च आणि हॉटेलांत बाँब फोडून अडीचशेहून अधिक लोक मारले. भ्यालेल्या लोकांना पुन्हा 'रक्षणकर्ता' हवासा वाटला, आणि गोटाबाया निवडून आले.

आता साखळी जुळते. लोकांना सतत कोणाची तरी भीती दाखविली, की ते राज्यकर्त्याकडे हिशेब मागत नाहीत. मळ्यातल्या मजुराचे मत गेले तेव्हा बहुसंख्य नागरिक गप्प राहिला, कारण ते त्याचे दुःख नव्हते. ग्रंथालय जळाले तेव्हाही बहुतेक जण गप्पच होते. त्र्याहत्तर वर्षांनी तो स्वतः रॉकेलच्या रांगेत उभा राहिला. इतरांची हताशा त्याच्या दारी फार उशिरा पोहोचली.

संघात शिरलेली जात

आपल्याला अधिक बोचणारी गोष्ट पुढे आहे. श्रीलंकेत भिक्खुसंघाची परंपरा खंडित झाली होती. म्हणून १७५३ साली सयाम देशातून उपाली नावाचे थेर आले आणि त्यांनी उपसंपदा पुन्हा सुरू केली. हाच सयाम निकाय. थोड्याच वर्षांत ही उपसंपदा गोविगामा या वरच्या मानलेल्या शेतकरी जातीपुरती राखण्यात आली. इतर जातींचे लोक ब्रह्मदेशात गेले, तेथून उपसंपदा घेऊन आले, आणि १८०३ साली अमरपुर निकाय उभा राहिला.

दैवाची नव्हे, माणसांची थट्टा पाहा. तथागतांच्या संघात उपाली नावाच्याच न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, ती अशासाठी की राजपुत्रांनी त्याच्यापुढे वाकावे. आणि उपाली थेरांनी उभ्या केलेल्या संघाच्या दारावर मागून जातीचा पहारेकरी बसला!

तथागतांची शिकवण काय सांगते?

महावंस या सिंहली इतिवृत्तात दुट्ठगामणी राजाची कथा आहे. तमिळ राजाशी लढाई जिंकल्यावर हजारो माणसे मारल्याचा त्याला पश्चात्ताप होतो. तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की, तू खरे तर दीडच माणूस मारलास, एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला, बाकीचे पशूंसारखे. ही बुद्धवाणी नव्हे. ती कित्येक शतकांनंतरची रचना आहे. जे बुद्धीला पटत नाही आणि ज्यात लोकांचे कल्याण नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्या हाती दिली. त्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. परंतु राजपक्षे यांनी २०१९ मध्ये शपथ घेतली ती याच राजाच्या अनुराधपुरातील स्तूपापाशी. कथा माणसे घडवितात, आणि बिघडवितातही.

याउलट चक्कवत्ति-सीहनाद सुत्त पाहा. राजाचे कर्तव्य काय? राज्यातील सर्व लोकांचे, पशुपक्ष्यांचेही, रक्षण करणे आणि निर्धनाला धन देणे. एका राजाने धन देण्याचे टाळले. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य. समाजाचा ऱ्हास कलियुगामुळे किंवा देवाच्या कोपामुळे होत नाही. राज्यकर्त्याने कर्तव्य सोडले, की तो पायरीपायरीने होतो. आणि वज्जींच्या गणराज्याविषयी तथागतांनी सांगितले की, ते जोवर वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात, स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत, तोवर त्यांची हानी होणार नाही. कसोटी सारी वागणुकीची आहे. बौद्ध म्हणविण्याची नव्हे.

लोक जागे झाले तेव्हा

२०२२ च्या एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर लोक तंबू ठोकून बसले. या लढ्याला सिंहलीत 'अरगलय' म्हणतात. तेथे सिंहली, तमिळ, मुसलमान, भिक्खू, पाद्री आणि विद्यार्थी एकत्र आले. रमजानचा उपवास तेथेच सुटला. १८ मे रोजी, युद्धात मेलेल्या तमिळांच्या स्मरणार्थ, त्याच मैदानावर कांजी वाटली गेली. माझ्या मते वाडा घेण्यापेक्षा ही घटना मोठी आहे. आपल्या रांगेत उभे राहिल्यावर माणसाला दुसऱ्याची जुनी रांग दिसली.

सारे शांततेने झाले असे नाही. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी लोकांवर हल्ला केला, आणि त्यानंतर पुढाऱ्यांची घरे जळाली, एक खासदारही मारला गेला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले. १३ तारखेला गोटाबाया देश सोडून गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या अर्जावर निकाल दिला की, राजपक्षे बंधू आणि इतर अधिकाऱ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुर कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. जाफना जिल्ह्यातील तमिळांनीही त्यांना मोठ्या प्रमाणावर मते दिली. त्यांच्या पक्षाने पूर्वी दोनदा सशस्त्र बंड केले होते. या वेळी सत्ता मतपेटीतून आली. आता हिशेब मागण्याचे काम नागरिकाचे आहे.

आपल्या घरचा हिशेब

१९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. धम्म तेथे कसा पाळला जातो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता की, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा भारतासाठी होता; श्रीलंकेने त्याचा प्रत्यय दिला.

म्हणून आजोबांना मी म्हणालो, "आजोबा, श्रीलंकेची लाज आपण का वाटून घ्यावी? धडा मात्र घेऊ." सोयरीक जुळविताना आपण अजून पोटजात विचारतो की नाही? विहाराच्या कमिटीत मांग, चांभार, भटक्या कुटुंबातून आलेल्या बौद्धाला जागा आहे काय? शेजारच्या वस्तीवर अन्याय झाला तर 'तो आपला नव्हे' म्हणून आपण गप्प राहतो काय? 'बौद्ध' हे जर एका नव्या जातीचे नाव झाले, तर आपण दीक्षा घेतली असे म्हणता येणार नाही. फक्त नाव बदलले असे होईल.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलीला म्हणाले, "पोरी, विचारत जा."

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. मळ्यातील मजुरांचा मताधिकार गेला, त्याचा आणि २०२२ च्या संकटाचा संबंध काय?
२. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तातील राजाने कोणते कर्तव्य टाळले? त्यातून काय घडले?
३. न्हावी उपालीला आधी प्रव्रज्या का मिळाली?
४. आपल्या विहारात कोण येत नाही? का येत नाही? पुढच्या पौर्णिमेपूर्वी त्यांच्या घरी जाऊन या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.