थेंब मोजण्याआधी नमुना जपा

मुलांनो, रक्तातले इमल्शनचे थेंब मोजायला बसण्याआधी एक खूणगाठ बांधा: मोठे थेंब नमुना हाताळताना हरवतात, नाहीतर हाताळतानाच तयार होतात. आणि धोका असतो तो याच मोठ्या थेंबांचा. शिरेतून द्यायच्या स्निग्ध इमल्शनमध्ये थेंबांचा सरासरी व्यास 500 नॅनोमीटरच्या आत हवा आणि 5 मायक्रॉनहून मोठ्या थेंबांत एकूण तेलाचा 0.05 टक्काही नको, असा अमेरिकी औषधसंहितेचा दंडक आहे. मोठा थेंब फुप्फुसाच्या केशवाहिनीत अडकू शकतो, म्हणून ही काळजी.

इमल्शन देण्याआधीचा नमुना घेतलाच पाहिजे, तोही उपाशीपोटी. जेवणानंतर रक्तात उतरणारे कायलोमायक्रॉन जवळपास याच मापाचे असतात. थेंब मोजणाऱ्या यंत्राला फरक कळत नाही. ज्या हाताला इमल्शन चालू आहे, त्या हातातून रक्त काढू नका.

ट्यूब जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची घ्या. रक्तातलं मोकळं कॅल्शियम थेंबांचे घोळके करतं, सीआरपी हे दाहाचं प्रथिन चढलेलं असेल तर जास्तच. ईडीटीए त्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करा, घुसळू नका. फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका. गोठलं की थेंब एकमेकांत मिसळून तेल सुटतं.

सेंट्रिफ्यूज केलंत की मोठे थेंब दुधावरच्या सायीसारखे वर येतात. खालचा स्वच्छ प्लाझ्मा मोजलात, तर जे शोधायचं तेच मागे राहिलं.

म्हणून आधी न फिरवलेल्या रक्ताचा पातळ थेंब नाइल रेड हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शेजारची तांबडी पेशी हीच फूटपट्टी: सात-आठ मायक्रॉन. चकाकणाऱ्या गोळ्यात प्रत्येक थेंबाची कड वेगळी दिसली तर तो घोळका; एकच गुळगुळीत कड दिसली तर थेंब एकजीव झालेत. हा फरक यंत्र सांगत नाही.

लेझरच्या यंत्रात प्लाझ्मा पातळ न करता घातलात, तर पाण्याची नव्हे, प्लाझ्माची विष्यंदिता (व्हिस्कॉसिटी) भरा. नाहीतर व्यास फुगून येतो. कण मोजणारं यंत्र दोन-तीन मायक्रॉनच्या प्लेटलेटलाही थेंबच समजतं.

रिपोर्टमध्ये नुसती सरासरी देऊ नका. 5 मायक्रॉनच्या एका थेंबात अर्ध्या मायक्रॉनच्या हजार थेंबांइतकं तेल असतं. मोठ्या थेंबांचा आकडा वेगळा लिहा, रक्त काढल्याची वेळ लिहा, आणि शंका असेल तर तीही लिहा. डॉक्टर त्या कागदावर विसंबून निर्णय घेणार आहेत.