ऑर्डरचं गाणं आणि त्याची मजुरी

(मासिक सभेत एका ताईने हा पाठ मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी वही-पेन जवळ ठेवावं. मध्ये हिशोब आहे, तो सगळ्यांनी मिळून करावा.)



पापडाचा, मसाल्याचा, शिवणकामाचा दर कसा काढायचा हे आता आपल्यातल्या बऱ्याच जणींना येतं. किलोला डाळ किती, मीठ किती, लाटायची मजुरी किती, सगळं तोंडपाठ. पण गाण्याचा दर विचारला की आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. "गाण्याचे कसले पैसे गं? गळा तर देवाने दिलाय," असं म्हणून मोकळ्या होतो.

आपल्या ठाणे, कल्याण, भिवंडी भागात गाणं हे बायकांचं जुनं काम आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, तेव्हा ती नुसती गायिका नसते. तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. तिला मान असतो, ओटी भरतात. तो मान आपल्याला आजही हवाच. पण आता गाण्याचं काम बदललंय. हळदीला नवरा-नवरीच्या नावाचं गाणं रेकॉर्ड करून हवं असतं. बारशाला बाळाच्या नावाचा पाळणा हवा असतो. गणपती मंडळाला स्वतःचं गाणं हवं, दुकानाला जाहिरात हवी, निवडणुकीला प्रचाराचं गाणं हवं. यासाठी डोंबिवली-कल्याणात खोलीएवढे छोटे स्टुडिओ आहेत. म्हणजे आता हा धंदा झाला. धंदा म्हटला की दर आला, ॲडव्हान्स आला, बिल आलं.

आमच्या गटाचं काय झालं

आमचा पाच जणींचा गाण्याचा ग्रुप बचत गटातूनच तयार झाला. आधी मंगळागौरीचे खेळ करायचो, मग भजन. मागच्या लग्नसराईत ओळखीच्या घरातून हळदीच्या गाण्याची ऑर्डर आली. शब्द आमचे, चाल आमची, गायचंही आम्हीच. स्टुडिओवाल्याकडून ट्रॅक करून घ्यायचा तोही आम्ही. आठ हजार रुपये देतो म्हणाले. दोन हजार हातावर ठेवले. बाकीचं विचारलं तर म्हणाले, "घरचंच लगीन हाय ना बाय, पैशाचं मागाहून बघू."

गाणं झालं. मग निरोप आला, मामाचं नाव राहिलं. मग नवऱ्याच्या काकाचं. तिघी जणी परत डोंबिवलीला गेल्या, परत रेकॉर्डिंग केलं. हळद वाजतगाजत झाली, गाण्यावर सगळे नाचले. आठवड्याने अडीच हजार रुपये आले आणि सोबत पाच साड्या. विषय संपला.

स्टुडिओवाल्याचे पैसे तर द्यायलाच हवे होते. हातात ४५०० रुपये होते, खर्च झाला होता ६१००. वरचे १६०० गटाच्या पैशातून घातले. त्याच महिन्यात गटातल्या एका ताईला मुलीच्या अकरावीच्या फीसाठी अंतर्गत कर्ज हवं होतं. पैसे कमी पडले. तिने बाहेरून व्याजाने उचलले. ती आम्हाला काही बोलली नाही, पण पुढच्या सराव​ाला आली नाही. गाण्यापायी माणूस तुटायची वेळ आली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

आधी हिशोब मांडू

आम्ही ते गाणं परत वहीत मांडलं. तुम्हीही तुमचे आकडे घालून असंच मांडा.

रोखीचा खर्च:
- स्टुडिओ भाडं, दोन वेळा मिळून ४ तास, तासाला ५०० रुपये: २००० रुपये
- ट्रॅक आणि मिक्सिंगची मजुरी: ३५०० रुपये
- रिक्षा, लोकल, चहा-नाश्ता: ६०० रुपये
- एकूण: ६१०० रुपये

आपला वेळ:
- शब्द लिहिणं, चाल बसवणं: एकीचे ८ तास
- सराव: पाच जणी, प्रत्येकी ४ तास, म्हणजे २० तास
- पहिलं रेकॉर्डिंग, जाण्या-येण्यासकट: पाच जणी, प्रत्येकी ५ तास, म्हणजे २५ तास
- बदलासाठी दुसरी फेरी: तिघी, प्रत्येकी ४ तास, म्हणजे १२ तास
- फोन, निरोप, नावांची यादी: ३ तास
- एकूण: ६८ तास

आता गंमत बघा. समजा त्यांनी कबूल केलेले पूर्ण आठ हजार दिले असते. आठ हजारातून ६१०० गेले, उरले १९००. त्याला ६८ तासांनी भागा. तासाला २८ रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले ही अर्धीच गोष्ट आहे. दर ठरवताना आपण स्वतःच स्वतःला अर्धं बुडवलं होतं.

मग योग्य दर किती? आम्ही आमच्या तासाचे ७५ रुपये धरले. तुमच्या गावात दुसऱ्या कामाला जे मिळतं ते बघून तुम्ही ठरवा. ६८ तासांचे ५१०० रुपये झाले. खर्च ६१००. बेरीज ११,२००. त्यावर दहा टक्के गटासाठी आणि अडीअडचणीसाठी, म्हणजे ११२० रुपये. झाले १२,३२०. हा त्या गाण्याचा खरा दर होता.

"एवढे कोण देणार?" असं वाटेल. कमी पैशात हवं असेल तर काम कमी करा: तीनच जणी गा, तयार रिदमवर गा, एकदाच रेकॉर्डिंग करा. दर कमी करायचा तर त्यासोबत काम कमी झालं पाहिजे. आपली मजुरी कापून दर कमी करू नका. ओळखीच्या घरी सूट द्यायची असेल तर जरूर द्या, पण कागदावर पूर्ण दर लिहा आणि त्याखाली सूट लिहा. म्हणजे समोरच्याला कळतं की आपण काय सोडलं.

पैसे तीन टप्प्यांत

१. काम धरताना अर्धे पैसे. निदान रोखीचा सगळा खर्च निघेल एवढे तरी हवेतच. ॲडव्हान्स आल्याशिवाय स्टुडिओची वेळ घ्यायची नाही.

२. कच्चं गाणं ऐकवल्यावर पाव हिस्सा. कच्चं गाणं पूर्ण पाठवू नका. एक कडवं पाठवा, किंवा मध्ये मध्ये "सॅम्पल" असा आवाज टाकून द्यायला स्टुडिओवाल्याला सांगा.

३. उरलेला पाव हिस्सा पक्की फाइल देण्याआधी. हळद झाल्यावर कोणाला गाण्याची घाई नसते. आपली ताकद फाइल हातात असेपर्यंतच असते.

बदलांचंही आधी ठरवा. नावांची यादी गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या आणि "हीच पक्की ना?" असं विचारून होकार घ्या. रेकॉर्डिंगच्या आधी शब्दांत दोन वेळा बदल फुकट. रेकॉर्डिंगनंतर बदल हवा असेल तर स्टुडिओचं भाडं आणि आपली मजुरी वेगळी. आमची चूक झाली असेल तर मात्र आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करू, हेही लिहा. त्याने विश्वास वाढतो.

कामाची चिठ्ठी

मोठा करारनामा नको. एक पान पुरे. त्यात एवढं हवं:

- काम देणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख
- गाणं कशासाठी, किती मिनिटांचं, किती जणी गाणार
- कोणत्या तारखेला द्यायचं
- एकूण रक्कम आणि तीन हप्त्यांच्या तारखा
- किती बदल फुकट, पुढच्या बदलाचे किती
- काम मध्येच रद्द झालं तर ॲडव्हान्समधून झालेला खर्च कापला जाईल
- गाणं कुठे वाजवायचं: फक्त घरच्या कार्यात, की यूट्यूबवर, जाहिरातीतही
- गाण्यासोबत गटाचं नाव लागेल
- दोन्हीकडच्या सह्या

सही मागायला संकोच वाटत असेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर घ्या. ते मेसेज जपून ठेवा, पुरावा म्हणून कामाला येतात. पैसे शक्यतो गटाच्या खात्यावर घ्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. रोख घेतले तर पावती द्या. बिल मागितलं तर गटाच्या नावाने साधं बिल द्यायचं. सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्या नावाने घाबरू नका.

गाणं कोणाचं?

आमच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा राहिला. दोन महिन्यांनी ते गाणं यूट्यूबवर दिसलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने टाकलं होतं. खाली आमच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या:

एक, नव्याने लिहिलेले शब्द लिहिणारीचे आणि नवी चाल चाल लावणारीची. पारंपरिक धवला किंवा ओवी कोणा एकाची नसते, ती कोणीही गावी. पण तुम्ही त्यात घातलेले नवे शब्द तुमचे.

दोन, गाणारीलाही हक्क असतो. त्याला कलाकाराचा हक्क म्हणतात आणि तो ५० वर्षं चालतो. आपलं नाव लावावं असा आग्रह धरण्याचा हक्क त्यातच येतो.

तीन, रेकॉर्डिंगचा हक्क साधारणपणे ते करून घेण्यात पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, त्याचा मानला जातो. म्हणून स्टुडिओचे पैसे कोण भरणार आणि रेकॉर्डिंग कोणाचं राहणार, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहा. नाहीतर तिथेच भांडण लागतं.

चार, शब्दांचा किंवा चालीचा हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी आणि सहीनेच देता येतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि जागा लिहिली नसेल तर फक्त भारत. कोणी "सगळे हक्क कायमचे" असा कागद पुढे केला तर लगेच सही करू नका. घरी आणा, सभेत वाचा, जाणकाराला दाखवा.

हा प्रश्न आपल्यासारख्या छोट्यांचाच आहे असं समजू नका. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी अशी भूमिका घेतली. त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गायकांच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्यात नीट जागा मिळाली ती २०१२ सालच्या दुरुस्तीने. एवढ्या मोठ्या गायिकेला भांडावं लागलं, तर आपण निदान विचारायला का लाजायचं?

आणि नियम आपल्यालाही लागू आहे. "अमुक सिनेमाच्या चालीवर करून द्या" असं गिऱ्हाईक म्हणालं तर ती चाल दुसऱ्याची आहे हे ध्यानात ठेवा. परवानगीशिवाय रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर अडचण आपल्याला. आपलीच नवी चाल लावा.

पैसे अडकले तर

आधी शांतपणे हिशोबाचा कागद घेऊन दोघी-तिघींनी जायचं. एकटीने जायचं नाही, भांडायलाही जायचं नाही. मग लेखी मागणी, त्यात रक्कम आणि तारीख. तरीही नाही दिले तर कायद्याची मदत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा मोफत फोन नंबर आहे. अशी वसुली साधारणपणे तीन वर्षांच्या आत मागावी लागते, म्हणून बसून राहू नका.

कंपन्या, दुकानं, मोठ्या संस्था यांची कामं घेत असाल तर "उद्यम" नोंदणी करून ठेवा. ती सरकारी आहे, मोफत आहे. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाहीत. थकले तर व्याज मागता येतं आणि त्यासाठी सरकारी परिषदेकडे तक्रार करता येते.

आमचं काय झालं? आम्ही तिघी हिशोब घेऊन गेलो. आजीबाईंनी कागद ऐकून घेतला आणि मुलाला म्हणाल्या, "पोरींनी रात्री जागवल्या, त्यांचं देऊन टाक." ३५०० बाकी होते, २००० मिळाले. त्यातून गटाचे १६०० आधी परत भरले. वरचे १५०० गेले ते गेलेच, कारण आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. यूट्यूबवर मात्र विनंती केल्यावर आमची पाच नावं लागली. फीवाली ताई परत सरावाला येते. आता चिठ्ठी तीच लिहिते. तिच्या सहीशिवाय आम्ही ऑर्डर धरत नाही.

सभेत करा

१. आपल्या गटाने शेवटचं कोणतं काम "घरचंच" म्हणून केलं? त्याचे तास मोजा. तासाला किती पडले?
२. एका तासाची मजुरी किती धरायची ते ठरवून ठरावाच्या वहीत लिहा.
३. दोघींनी गिऱ्हाईक आणि गट बनून ॲडव्हान्स मागण्याचा सराव करा. हसू येईल, पण दोनदा केलं की जीभ अडखळत नाही.
४. कामाची चिठ्ठी एका पानावर लिहून तिच्या दहा झेरॉक्स काढून ठेवा.

गाण्याचा मान गाणाऱ्याला मिळतोच. मजुरी मात्र मोजून, लिहून आणि मागून घ्यावी लागते.