टेनेसीचें खोरें

भूगोलाचे नकाशे चाळतांना अमेरिकेच्या आग्नेय भागांत टेनेसी नांवाची नदी आपणांस दिसते. डोंगराळ प्रदेशांतून निघून ती दक्षिणेस आलाबामा संस्थानांत उतरते व पुन्हां उत्तरेस वळून ओहायो नदीस मिळते. तिच्या खोऱ्यांत सात संस्थानांचा थोडाबहुत भाग येतो. १९३३ सालीं त्या संपन्न देशांत हें खोरें म्हणजे दारिद्र्याचें आगर होतें. डोंगरांवरील रान तुटलें होतें. त्यामुळें पावसाचें पाणी शेतांतील माती धुऊन नेई आणि खालीं महापूर आणी. हिंवतापानें कित्येक गांवें जर्जर झालीं होतीं. शंभर शेतकऱ्यांपैकीं जेमतेम तिघांच्या घरीं वीज होती. रोज सायंकाळीं कंदिलाची कांच पुसल्याच्या गोष्टी ज्यांनीं आजीच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

अशा प्रदेशास सरकारनें हात द्यावा कीं नाहीं, आणि द्यावा तर कोणाच्या पैशानें, हा वाद तेथें दहाबारा वर्षें चालला. आलाबामांतील मसल शोल्स येथें पहिल्या महायुद्धाच्या वेळीं सरकारनें दारूगोळ्यास लागणाऱ्या नायट्रेटचे कारखाने व विल्सन धरण यांचें काम हातीं घेतलें होतें. धरण पुरें झालें १९२४ सालीं. तोंपर्यंत युद्ध संपून सहा वर्षें लोटलीं होतीं! ही मालमत्ता मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांस द्यावी असा बेत निघाला. त्यास कडाडून विरोध केला तो सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनीं. हे गृहस्थ रिपब्लिकन पक्षाचे आणि दूरच्या नेब्रास्का संस्थानाचे; टेनेसीचें एक मतहि त्यांस मिळावयाचें नव्हतें. नदी सर्व जनतेची, तेव्हां तिची वीजहि जनतेची, असें त्यांचें म्हणणें. त्यांचें विधेयक १९२८ सालीं अध्यक्ष कूलिज यांनीं व १९३१ सालीं अध्यक्ष हूव्हर यांनीं अडविलें. आणि हे दोघेहि नॉरिस यांच्याच पक्षाचे. अखेर डेमोक्रॅटिक पक्षाचे रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर १८ मे १९३३ रोजीं कायदा झाला व ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’ हें सरकारी मंडळ जन्मास आलें.

मंडळानें धरणें बांधलीं, नदींतून नौकांचा मार्ग काढला, खत तयार करून शेतकऱ्यांच्याच शेतांवर त्याचा प्रयोग दाखविला, उघड्या डोंगरांवर झाडें लाविलीं. १९३४ सालीं मिसिसिपींतील टुपेलो शहरास त्याची स्वस्त वीज प्रथम मिळाली. या कार्याची कीर्ति आपल्या देशापर्यंत आली. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर तिच्या खोऱ्याची योजना याच धर्तीवर आंखली गेली, तींत डॉ. आंबेडकर यांचा, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद असतांना, मोठा वांटा होता. १९४८ सालीं दामोदर खोरें मंडळ स्थापन झालें.

विरोधकांची बाजू केवळ स्वार्थाची होती, असें मात्र विद्यार्थ्यांनीं समजूं नये. खासगी वीज-कंपन्यांचे पुढारी वेंडेल विल्की यांचा सवाल असा, कीं आमच्या भागधारकांनीं गांठचे पैसे घालून तारा ओढल्या; आतां आमच्याकडूनच घेतलेल्या करांच्या भांडवलावर सरकार आमच्याच गिऱ्हाइकांस वीज विकणार, तर ही स्पर्धा न्यायाची कशी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९३६ सालीं निकाल मंडळाच्या बाजूनें लागला. १९३९ सालीं विल्की यांनीं टेनेसींतील आपली कंपनी सुमारें ७ कोटि ८६ लक्ष डॉलरांस विकून टाकली. त्यांच्या सवालाचें पुरें उत्तर, माझ्या मतें, कोणीं दिलें नाहीं. विजेचे दर उतरले आणि सवाल मागें पडला, इतकेंच.

पुढें पक्षांचीं मतें कशीं फिरलीं तें पहा. १९५३ सालीं रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं हें मंडळ म्हणजे हळूहळू आंत शिरणाऱ्या समाजवादाचा नमुना ठरविला. त्याच पक्षाचे गोल्डवॉटर तें विकून टाका म्हणत. १९६४ च्या निवडणुकींत टेनेसी संस्थान त्यांच्या हातचें गेलें. पण २०१३ सालीं डेमोक्रॅटिक अध्यक्ष ओबामा यांच्या अंदाजपत्रकांत मंडळाच्या विक्रीचा विचार व्हावा असें सुचविलें गेलें, तेव्हां त्यास आडवे आले ते टेनेसीचेच रिपब्लिकन प्रतिनिधि! तेव्हां अशा वादांत वक्त्याचा पक्ष विचारण्याआधीं तो खोऱ्याच्या आंत राहतो कीं बाहेर, हें विचारलेलें बरें.

खोऱ्याच्या आंत राहणाऱ्यांतहि सर्वांचें सारखें भलें झालें नाहीं. नॉरिस यांच्या नांवानें जें पहिलें मोठें धरण झालें, त्याच्या जलाशयासाठीं सुमारें ३,००० कुटुंबें उठविलीं गेलीं. जमिनीच्या मालकांस मोबदला मिळाला. खंडानें कसणाऱ्या कुळांच्या नांवावर जमीनच नव्हती, मग मोबदला कसला? धरणाजवळ टुमदार नवें गांव वसविलें. त्यांत काळ्या वर्णाच्या एकाहि कुटुंबास घर दिलें नाहीं. आपल्याकडे १९२१ सालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला व सेनापति बापट त्यासाठीं तुरुंगांत गेले. मुळशीचें धरण खासगी कंपनीचें होतें, टेनेसीचें सरकारचें. बुडणाऱ्या शेतास तो भेद कळला नसावा. नॉरिस धरण १९३६ सालीं पुरें झालें. हजारों थडगीं उकरून आधींच उंचावर नेलीं होतीं. आज जेथें त्याचें पाणी आहे, तेथें लॉयस्टन नांवाचें गांव होतें.