वेळासचे कासवमित्र

प्रस्तावना

छत्तीसगढ राज्याला समुद्रकिनारा नाही. रायपूर शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या भूमीवरचे पाणी शेवटी समुद्रालाच मिळते. रायपूरजवळून वाहणारी खारून नदी शिवनाथेला मिळते आणि शिवनाथ महानदीला. धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावलेली महानदी सुमारे ८५० किलोमीटरचा प्रवास करून ओडिशात बंगालच्या उपसागराला मिळते. देवी ही तिचीच एक शाखा आहे. देवी नदीच्या मुखाजवळची पुळण हे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या विणीचे प्रसिद्ध स्थान आहे. हीच कासवे पश्चिमेला कोकणच्या किनाऱ्यावरही अंडी घालण्यासाठी येतात.

कोकणातील वेळास या लहानशा गावाने या कासवांचे रक्षण कसे केले, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• समुद्री कासवाचा जीवनक्रम थोडक्यात सांगू शकाल;
• वेळासच्या ग्रामस्थांनी केलेल्या संरक्षणकार्याचे टप्पे स्पष्ट करू शकाल;
• निसर्गरक्षण आणि उपजीविका यांचा संबंध उदाहरणासह मांडू शकाल;
• आपल्या परिसरातील अशा कार्याची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. गरुडाच्या शोधात कासवाचा माग

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळच्या बाणकोट खाडीलगत वेळास हे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागा, सुरूचे बन आणि त्यापलीकडे पसरलेली वाळूची पुळण असे या गावाचे रूप आहे.

चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये स्थापन केली. संस्थेचे कार्यकर्ते कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत होते. हा पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटे बांधतो. किनाऱ्यावरचे जुने वृक्ष तुटले, तर त्याचा निवाराच जातो. या पाहणीच्या निमित्ताने २००२ मध्ये कार्यकर्ते वेळासच्या पुळणीवर आले असता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. या किनाऱ्यावर कासवे येतात, हे गावाला ठाऊक होते. परंतु अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी काढून नेली जात असत. जी माणसांच्या हाती लागत नसत, ती कोल्हे आणि भटकी कुत्री उकरून खात. अंडी वाचवण्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले.

२. कासवाचा जीवनक्रम

ऑलिव्ह रिडले कासवाची पाठ हिरवट-करड्या रंगाची असते. त्याचे आयुष्य समुद्रातच जाते. मादी मात्र अंडी घालण्यासाठी जमिनीवर येते. कोकणात हा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा असतो. रात्रीच्या वेळी मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नंतर खड्डा वाळूने बुजवून ती समुद्रात परतते. पिल्लांना पाहण्यासाठी ती पुन्हा येत नाही.

अंडी वाळूच्या उबेने उबतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली, तर माद्या अधिक निपजतात. बाहेर आलेले पिल्लू क्षितिजावरच्या उजेडाकडे धावते. रात्री समुद्रावर चमकणारा मंद प्रकाश हीच त्याची दिशा असते. म्हणून किनाऱ्यावर विजेचे प्रखर दिवे असतील, तर पिल्ले वाट चुकून गावाच्या बाजूला भरकटतात. हजार पिल्लांपैकी जेमतेम एखादे प्रौढ होते, असा अंदाज आहे. अंड्यांचे एक घरटे लुटले जाणे ही मोठी हानी का आहे, ते यावरून समजते.

३. ग्रामस्थांचा सहभाग

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. त्याला मारणे अथवा त्याची अंडी पळवणे हा गुन्हा आहे. परंतु रात्री निर्जन असणाऱ्या लांबलचक पुळणीवर केवळ कायद्याचा पहारा पुरत नाही. गावाने मनावर घेतल्याशिवाय हे काम होणार नाही, हे संस्थेने ओळखले. गावात बैठका झाल्या आणि गावातीलच माणसांना मानधन देऊन ‘कासवमित्र’ म्हणून नेमण्यात आले. वाळूतील पाऊलखुणांवरून घरटे शोधण्याचे कसब पूर्वी अंडी काढण्यासाठी उपयोगी पडत असे. तेच आता अंडी राखण्यासाठी उपयोगी पडू लागले.

कासवमित्राचे काम पहाटे सुरू होते. पुळणीवर चालत जाऊन तो मादीच्या ताज्या खुणा शोधतो. घरटे सापडले, की अंडी हलक्या हाताने काढून, थोड्याच वेळात जाळीचे कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत नेली जातात. तेथे मूळ खड्ड्याइतकाच खोल खड्डा करून ती पुरली जातात. काढताना अंडे उलटेसुलटे होणार नाही याची दक्षता घ्यावी लागते, कारण तसे झाल्यास आतील गर्भाला इजा होते. प्रत्येक खड्ड्याजवळ तारीख आणि अंड्यांची संख्या नोंदवली जाते. पिल्ले बाहेर येण्याचे दिवस जवळ आले, की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात व ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले समुद्राजवळच्या वाळूवर सोडली जातात. पाण्यापर्यंतचे अंतर त्यांनी स्वतः चालून जावे, असा दंडक आहे.

पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली.

४. महोत्सव आणि उपजीविका

अंडी विकून मिळणारे उत्पन्न थांबले, तर गावाला त्याच्या बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न रास्त होता. २००६ पासून वेळासमध्ये ‘कासव महोत्सव’ भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरांतून लोक येऊ लागले. गावात मोठी हॉटेले नव्हती, म्हणून पाहुणे ग्रामस्थांच्या घरीच उतरू लागले. घरचे साधे कोकणी जेवण, पाहुण्यांची निवासाची सोय आणि कोकम, फणसपोळी यांसारख्या वस्तूंची विक्री यांतून अनेक कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, हंगामी उत्पन्न मिळू लागले. जिवंत कासव हे अंड्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे, हे गावाने अनुभवाने जाणले. पुढे वन विभागाने या कामाची जबाबदारी स्वीकारली आणि आंजर्ले, गुहागर आदी किनाऱ्यांवरही संरक्षणाचे काम उभे राहिले.

किनारी वनांच्या बाबतीतही असेच घडले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. खाडीकाठची ही वने माशांच्या व कोळंबीच्या पिल्लांना आसरा देतात आणि लाटांचा जोर कमी करतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या सदस्या २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवनाचे दर्शन घडवतात. ज्या वनावर त्यांची उपजीविका अवलंबून आहे, ते वन तुटू नये याची काळजी त्या स्वतःच घेतात.

५. अडचणी

हे काम एकदा करून संपणारे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि शेजारच्या मंडणगड व दापोली तालुक्यांतही घरे व बागा उद्ध्वस्त झाल्या. समुद्राच्या उधाणाने काही ठिकाणी पुळण खचते. खोल पाण्यात ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकून कासवे गुदमरतात, कारण त्यांना श्वासासाठी पाण्यावर यावे लागते. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची पिशवी जेलीफिश समजून ती गिळतात.

काही अडचणी यशातूनच निर्माण होतात. पाहुण्यांची गर्दी वाढली, की कचरा, गोंगाट आणि दिव्यांचा उजेडही वाढतो. पिल्ले दाखवणे आणि पिल्लांना त्रास न देणे, या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. अंडी हलवण्यापेक्षा ती मूळ जागीच राखता आली तर अधिक चांगले, असाही विचार अभ्यासक मांडतात. मात्र त्यासाठी संपूर्ण पुळणीवर पहारा हवा. म्हणजे पुन्हा गावाचीच साथ हवी.

६. दोन किनारे, एक कासव

२०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला ०३२३३ या क्रमांकाची धातूची पट्टी लावण्यात आली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे निरनिराळी असावीत, या समजुतीचा त्यामुळे पुनर्विचार करावा लागला. ओडिशात तिचे रक्षण झाले म्हणून ती कोकणात पोहोचू शकली आणि कोकणात पहारा होता म्हणून तिची अंडी सुरक्षित राहिली. एकाच गावाने अथवा एकाच राज्याने पूर्ण करावे असे हे काम नाही.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. खारूनच्या किंवा महानदीच्या पात्रात टाकलेला कचरा तेथेच राहतो असे नाही. पुराच्या पाण्याबरोबर तो पुढे सरकतो. छत्तीसगढमध्येही लोकांनी वन्यजीवांना आसरा दिल्याची उदाहरणे आहेत. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा आणि परसदा या गावांच्या जलाशयांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. तेथे २०२१ मध्ये पक्षी महोत्सव भरला. पुळण असो की तलाव, त्याच्या काठी राहणाऱ्या माणसाला तेथील जीव आपला वाटला, तरच तो जीव टिकतो.

पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वेळास हे गाव ______ तालुक्यात आहे.
२. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या ______ ठरते.
३. कासव महोत्सव ______ पासून भरू लागला.

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कार्यकर्ते वेळासला मुळात कशाच्या पाहणीसाठी आले होते?
२. किनाऱ्यावरील प्रखर दिव्यांमुळे पिल्लांना कोणता धोका असतो?

शब्दार्थ

पुळण – समुद्रकाठचा वाळूचा पट्टा
कांदळवन – खाडीकाठी खाऱ्या पाण्यात वाढणारे वन
उधाण – समुद्राची मोठी भरती
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
मानधन – कामाबद्दल दिली जाणारी ठरावीक रक्कम
दंडक – पाळावयाचा नियम
कसब – कौशल्य

स्वाध्याय

१. ‘केवळ कायद्याचा पहारा पुरत नाही’ या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. कासवमित्राच्या कामाचे टप्पे क्रमाने लिहा.
३. पर्यटनाचे वेळास गावाला झालेले फायदे आणि त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी यांची तुलना करा.
४. तुमच्या परिसरातील नदी, तलाव किंवा वन यांपैकी एकाची आजची स्थिती आणि त्याच्या रक्षणासाठी लोक काय करू शकतील, यांविषयी दहा-बारा ओळी लिहा.