एमपीसी घेताय? आधी जोडण्या मोजा

छत्रपती संभाजीनगरातलं शहागंजचं घड्याळ, पलीकडे राजाबाजार आणि तिथला संस्थान गणपती. या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना वाद्यांचा आवाज लहानपणापासून कानावर असतो. गणेशोत्सव, १४ एप्रिल, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, खुलताबादचा उरूस आणि लग्नसराई, एवढ्यावर इथल्या कलापथकांचं वर्ष चालतं. या पथकांत ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड कधीच रुळले. आता नव्या मुलांची विचारणा असते ती एमपीसीची. लॅपटॉप न लावता ठेके वाजवणारं, आवाज रेकॉर्ड करणारं आणि गाणं बांधून देणारं हे यंत्र. रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी घडवलेलं पहिलं एमपीसी ६० हे मॉडेल १९८८ मध्ये आलं. आज त्याच घराण्यातली वन प्लस आणि लाइव्ह ही मॉडेल्स जास्त विचारली जातात.

यंत्राची किंमत सगळे विचारतात. ते ऑक्टोपॅड, कीबोर्ड, माइक आणि हॉलच्या साउंडला जोडायला किती लागेल, हे मात्र यंत्र घरी आल्यावर कळतं. तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून हा हिशेब आधीच मांडतो आहे. आकडे ढोबळ आहेत आणि दुकानागणिक फरक पडेल, तरी बजेट बांधायला पुरतील.

आधी भोकं मोजा

एमपीसी वन आणि वन प्लस या दोन्हींना आवाज आत घ्यायला दोनच जॅक आहेत, डावा आणि उजवा. बाहेर काढायलाही दोनच. कीबोर्ड स्टिरिओत जोडला की आतले दोन्ही जॅक भरले. मग ऑक्टोपॅड कुठे लावणार? माइक कुठे? हे जॅक लाइन पातळीचे आहेत. गाण्याचा माइक त्यांत थेट लावला तर आवाज इतका बारीक येतो की वाढवता वाढवता खरखरच वर येते. माइक आधी मिक्सरमध्ये गेला पाहिजे.

म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर दोन रकाने काढा. एकात यंत्रात जाणारी वाद्यं लिहा, दुसऱ्यात यंत्रातून आवाज कुठे जाणार ते लिहा. दोन जॅकांत मावणार नाही इतक्या वाद्यांचा आवाज एकाच वेळी आत घ्यायचा असेल तर खर्चात मिक्सर आलाच.

ऑक्टोपॅड मिडीने जोडा, पैसे वाचवा

ऑक्टोपॅडसाठी मात्र स्वस्तातली वाट आहे. एसपीडी-२० किंवा एसपीडी-३० या ऑक्टोपॅडच्या मागे पाच पिनांचं गोल मिडी आउट असतं. तिथून एक वायर एमपीसीच्या मिडी इनमध्ये लावा. या वायरीतून आवाज जात नाही. कोणत्या पॅडवर किती जोरात काडी पडली, एवढा निरोप जातो. मग काडी ऑक्टोपॅडवर पडते आणि वाजतो तो एमपीसीत तुम्ही भरलेला ढोलकीचा किंवा हलगीचा आवाज. आवाजाचे दोन्ही जॅक कीबोर्डसाठी मोकळे राहतात.

पाचशेच्या आसपासच्या एका वायरीत हे काम होतं. वायर १५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका, तीन मीटरची पुरते. आवाज आला नाही तर आधी चॅनल पाहा. तालवाद्यांचे निरोप बहुधा १० नंबरच्या चॅनलवरून येतात आणि एमपीसीचा ट्रॅक दुसऱ्याच चॅनलवर ऐकत बसलेला असतो.

मिक्सर घेताना गोल फेरा टाळा

दहा चॅनलच्या आसपासचा साधा मिक्सर १० ते २० हजारांत येतो. घेताना ऑक्स सेंड, म्हणजे निवडक चॅनल मेन आउटपेक्षा वेगळ्या वाटेने बाहेर पाठवायची सोय, आहे ना, तेवढं नक्की बघा. नवखा माणूस मिक्सरचं मेन आउट एमपीसीत घालतो आणि एमपीसीचा आवाज परत त्याच मिक्सरमध्ये आणतो. आवाज गोल फिरतो आणि क्षणात शिटी फुटते. कान आणि स्पीकर दोघांनाही ते सोसत नाही.

बरोबर रीत अशी: एमपीसीत जे घ्यायचं ते ऑक्स सेंडमधून पाठवा आणि ज्या चॅनलवर एमपीसी परत येतं, त्या चॅनलचं ऑक्सचं बटण शून्यावर ठेवा. रेकॉर्ड करताना पडद्यावरचा मीटर लाल होईपर्यंत आवाज चढवू नका. सगळ्यात मोठ्या ठोक्यालाही वर थोडी जागा उरली पाहिजे. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

हम येतोय? अर्थ पिन तोडू नका

मागच्या लग्नसराईत शहागंजजवळच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम सुरू होण्याआधी स्पीकरमधून सारखा घूं आवाज येत होता. कीबोर्ड स्टेजवरच्या बोर्डाला लावलेला आणि मिक्सर मागच्या जनरेटरच्या लाइनवर. साउंडवाल्याने कीबोर्डची कॉर्ड काढली की आवाज बंद, लावली की सुरू. कुणीतरी प्लगची अर्थ पिन काढायला निघालं. तेवढ्यात एका जाणत्या वादकाने पिशवीतून डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी, काढला, मध्ये जोडला आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. घूं थांबला. तोवर पाऊण तास गेला होता.

दोन उपकरणांना दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ मिळाला की आवाजाच्या वायरीतून ५० हर्ट्झचा हम शिरतो. साधा, बॅटरी न लागणारा डीआय दीड ते अडीच हजारांत मिळतो. एमपीसीचे डावा-उजवा मिळून दोन घ्या. हॉलचा मिक्सर वीस-तीस मीटर लांब असला तरी डीआयमधून कॅनन वायरीने आवाज स्वच्छ पोचतो. स्टेजवरची तुमची सगळी वाद्यं एकाच बोर्डावरून चालवा, त्याला तर खर्चही नाही. अर्थ पिन मात्र कधीच तोडू नका. हम परवडला, शॉक परवडत नाही.

वीज आणि अडॅप्टर

वन आणि वन प्लसमध्ये बॅटरी नाही. लाइट डोळा मारून गेली तरी यंत्र बंद पडतं आणि सेव्ह न केलेलं काम जातं. ६०० व्हीएचा यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांत येतो. एमपीसी, कीबोर्ड आणि छोटा मिक्सर तो निभावतो. ॲम्प्लिफायर मात्र त्यावर लावू नका. लाइव्ह मॉडेलमध्ये बॅटरी आहे, पण त्याची किंमतही बरीच जास्त आहे.

अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून वाद्याचं नाव लिहा. एमपीसीला १९ व्होल्ट लागतात आणि आतली टोच धन असते. ऑक्टोपॅडला ९ व्होल्ट लागतात आणि आतली टोच ऋण असते. घाईत अदलाबदल झाली तर दुरुस्तीचं बिल हजारांत जाईल.

एकूण हिशेब

ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आधीच आहेत असं धरून:

- एमपीसी वन प्लस: ७० ते ९० हजार (खाली ७५ हजार धरले)
- ६४ जीबीचं एसडी कार्ड: ६००
- मिडी वायर, एक: ५००
- तीन मीटरच्या चार आवाजाच्या वायरी: २,०००
- डीआय बॉक्स, दोन: ४,०००
- यूपीएस: ३,०००
- हेडफोन: ४,०००
- मजबूत बॅग: ४,०००
- गरज असेल तर मिक्सर: १५,०००

मिक्सर धरला नाही तर सगळं मिळून ९३ हजार १००. मिक्सर धरला तर १ लाख ८ हजार १००. म्हणजे यंत्राच्या किमतीचा पाव ते निम्मा भाग जोडणीला लागतो. हातात ७५ हजारच असतील तर नवं यंत्र घेऊन फाटक्या वायरींवर वाजवण्यापेक्षा जुनं, तपासलेलं यंत्र घ्या आणि उरलेल्या पैशांत जोडणी नीट करा.

वायरींत काटकसर करायची तर तयार वायर घेण्याऐवजी चांगली पिन आणि चांगली वायर वेगवेगळी घ्या आणि ओळखीच्या कारागिराकडून सोल्डर करून घ्या. पैसे देण्याआधी वायर यंत्राला लावून पिनेजवळ हलवून बघा. करकर आली तर डाग कच्चा आहे, तिथेच परत करून घ्या.

जुनं घेताना

सोळाही पॅड एकेक करून आधी हलक्या बोटाने, मग जोरात वाजवा. आवाज लहान-मोठा व्हायला हवा. पडद्याचे चारही कोपरे दाबून बघा. प्रत्येक जॅकमध्ये पिन घालून किंचित हलवा. मूळ अडॅप्टर मागा. २०२० च्या वनमध्ये आतली साठवण फक्त ४ जीबी आहे, २०२३ च्या वन प्लसमध्ये १६ जीबी. वन स्वस्तात मिळालं आणि चांगलं कार्ड टाकलं तर स्टेजसाठी ते पुरेसं आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवताना वॉरंटी इथे चालेल का, ते आधी लेखी विचारा.

बिल आणि तक्रार

पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्याचा फोटो काढून ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे माल मुंबईहून किंवा ऑनलाइन आला तरी दाद इथेच मागता येईल. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

शेवटी एकच विनंती. यंत्र घेतल्यावर पहिला कार्यक्रम घेण्याआधी घरी एकदा सगळं जोडा, वाजवा, सोडा आणि पुन्हा जोडा. प्रत्येक वायरीला नंबर द्या आणि जोडणीचं चित्र कागदावर काढून बॅगेत ठेवा. एक मिडी वायर आणि एक आवाजाची वायर जास्तीची ठेवा. ही हजारभर रुपयांची सोय असली की ऐन कार्यक्रमात कुणाची वाट बघावी लागत नाही.