सुमाक घेताय? पैसे फळाचे द्या, मिठाचे नकोत

फत्तूश सॅलड करायचं ठरवून सुमाकची आंबट पूड शोधायला निघाला असाल, तर आधी ५० ग्रॅमचं पाकीट मिळतं का बघा. ऑनलाइन किंवा मोठ्या सुक्या मेव्याच्या दुकानांत याचा भाव १०० ग्रॅमला साधारण २०० ते ५०० रुपये. छानशी काचेची बाटली असली की आणखी वर. बाटलीला चव नसते.

एका पदार्थामागे खर्च किती? चहाचा एक सपाट चमचा म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम. ३०० रुपयांचा भाव धरला तर ९ रुपये. कबाबासोबतच्या कांद्याच्या चकत्यांवर चौघांना एवढं पुरतं. पॅलेस्टिनी मुसख्खन मात्र खर्चिक. कोंबडी आणि परतलेला ढीगभर कांदा, त्यात ३ मोठे चमचे सुमाक, म्हणजे २५ ग्रॅम. ७५ रुपये तिथेच गेले.

आता पाकीट उलटं करा आणि घटक वाचा. सुमाकची फळं दळताना मीठ घालण्याची पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. पण मीठ किती हे बरेचदा लिहिलेलं नसतं. दोन पाकिटं सारख्या भावाची असतील तर बिनमिठाचं उचला. मिठाचं घेतलंत तर पदार्थात मीठ बेतानं. चांगली पूड गर्द, विटकरीकडे झुकणारी आणि किंचित ओलसर असते. भडक लाल दिसली तर चिमूटभर पाण्यात टाकून वर खायचा सोडा घाला. फळाचा नैसर्गिक रंग सोड्यानं पालटतो. तसाच लालभडक राहिला तर शंका घ्यायला जागा आहे. सुमाक घातलेला झातार मसाला तयार घेतानाही घटक बघाच. स्वस्त मिश्रणांत सुमाकऐवजी सायट्रिक ॲसिड असतं.

नुसता आंबटपणा हवा असेल तर आमचूर पुरे, उगाच खर्च करू नका. आंबा, काजू, पिस्ता, बिब्बा आणि सुमाक एकाच कुळातले. म्हणून काजू-पिस्त्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुमाक चाखू नये.

या झुडपाच्या पानांनाही एके काळी मागणी होती. आपल्याकडे कातडं कमवायला हिरडा आणि बाभळीची साल वापरतात, तसा सिसिलीत पानांचा चुरा वापरत आणि तो परदेशीही जाई. तो आज तुमच्या यादीत असायचं कारण नाही.

अमेरिकेच्या ईशान्येकडे राहणाऱ्यांना मात्र एक सुमाक फुकट मिळतो. रस्त्याकडेला वाढणाऱ्या तिथल्या जातीचे लाल, लवदार, उभे तुरे थंड पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून तिथले मूलनिवासी आंबटसर पेय करत आले आहेत. गाडीच्या धुरातले तुरे घेऊ नका. आणि दलदलीत पांढरी, लोंबती फळं दिसली तर हातही लावू नका. ते विषारी झुडूप वेगळं. बिब्बा उतावा तसं अंग उततं.