दारे लावली, तरी गाडीतला दिवा विझेना

प्रश्न : आमची छोटी हॅचबॅक गाडी आहे. हंगामात मागची सीट पाडून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या मार्केटला नेतो. हल्ली चारही दारे लावली तरी आतला दिवा जळतच राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली असते. वडील म्हणतात, बल्बच काढून टाक. तसे केले तर चालेल का?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : बल्ब काढल्याने गाडीचे काही बिघडणार नाही. तरीही काढू नका. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि त्याच उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे, त्यामुळे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. रात्री मळ्यातल्या घरापुढे गाडी थांबते, मागच्या सीटवरून लहान मूल उतरते, तेव्हा दार उघडताच पायाशी पडणारा उजेड हवाच. त्या दिव्याची ही सोय घालवण्यापेक्षा दोष शोधलेला बरा, आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतो.

आधी दिव्याशेजारचे बटण पाहा. त्याला तीन जागा असतात : कायम बंद, कायम चालू आणि मधली दारावर चालणारी. सामान चढवताना हात लागून ते ‘चालू’कडे सरकलेले असू शकते. बटण मधल्या जागेवर असेल, तर दारे लावून अर्धा-एक मिनिट थांबा. बऱ्याच गाड्यांत दिवा मुद्दाम थोडा उशिरा विझतो.

एवढे करूनही दिवा जळत असेल, तर कुठले तरी दार गाडीला अजून उघडेच वाटते आहे. गाडीला ‘चारही दारे’ पुरत नाहीत, पाचवे दार डिकीचे. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. क्रेट नेताना डिकीच्या लॉकमध्ये माती, वाळलेली पाने, सुतळीचे धागे अडकतात. मग डिकी वरवर बसते, पण लॉक शेवटपर्यंत फिरत नाही. बोटाने नको, जुन्या टूथब्रशने ते साफ करा आणि डिकी जोर देऊन लावून पाहा. दिवा विझला तर काम तिथेच संपले.

नाही विझला तर एकेक दार तपासायचे. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीवर रबराची टोपी घातलेला पिनचा स्विच दिसतो. दार लागले की पिन आत दबते आणि दिव्याचे अर्थिंग तुटते. रबर फाटले की धूळ आत जाते, पावसाळ्यात गंज धरतो आणि पिन नीट हलत नाही. भीमाशंकर, आहुपेच्या बाजूला पावसात वारंवार जाणाऱ्या गाडीत हे आधी पाहावे. दिवा जळत असताना प्रत्येक पिन बोटाने पूर्ण दाबून पाहा, बाकीची दारे तेवढ्या वेळ बंद ठेवा. संशय असलेल्या स्विचचा स्क्रू काढून तो बाहेर ओढा आणि वायर सोडवा. वायर सुटताच दिवा विझला तर स्विचच बदला, तो फार महागाचा भाग नाही. वायरचे टोक मात्र आधी चिकटपट्टीने बाहेर चिकटवून ठेवा. ते चौकटीच्या पोकळीत पडले, तर शोधायला आतले अस्तर उघडावे लागते.

नव्या गाड्यांत पिन दिसत नाही, स्विच दाराच्या लॉकमध्येच असतो. दार उघडे ठेवून लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबा, दोनदा ‘टक्’ असा आवाज येईल. आता दिवा विझला तर लॉक ठीक आहे, दार चौकटीवर नीट बसत नाही. विझला नाही तर लॉकमध्ये इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते काही वेळा उघड-बंद करा. ग्रीस नको, आपल्याकडची धूळ त्यावर चिकटून बसते. तपासणी झाली की हँडल ओढून जीभ परत मोकळी केल्याशिवाय दार आपटू नका, लॉक तुटेल.

सगळे स्विच चांगले निघाले, तर दार आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर घासून पत्र्याला लागली असेल, किंवा उंदराने कुरतडली असेल. तिथे ऑटो इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

बॅटरीचेही सांगतो. १० वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत ८ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी एवढे सहन करून सकाळी गाडी सुरू करते. तुमची एका रात्रीत उतरत असेल, तर ती थकत आली आहे किंवा दिव्याखेरीज दुसरेही काही वीज खाते आहे. दुरुस्तीनंतर बॅटरी तपासून घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत बटण ‘बंद’वर ठेवा आणि दाराच्या कप्प्यात विजेरी ठेवा. बंद केल्यावरही दिवा जळत असेल, तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचे चित्र पाहून आतल्या दिव्याचा फ्यूज काढा. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर घड्याळ आणि म्युझिक सिस्टीमही चालते, तेव्हा ती बंद पडली तर घाबरू नका.